सीतादईच्या आधीची सुई

पुष्पाबाईच्या तोंडी लागू नये, हे बोरपिंपळात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी दसरा जवळ आला, पऱ्हाटीवर बोंडं फुटून वावरं पांढरी दिसू लागली, की भल्या भल्या शेतकऱ्यांच्या चपला तिच्याच दारात दिसतात. एरवी तिला पाहून रस्ता बदलणारी माणसं तेव्हा "काय पुष्पाबाई, चहा झाला काय?" अशी साखर पेरत येतात. पुष्पाबाई चहा झाला म्हणून सांगते आणि कुणाला पाजत मात्र नाही.

बोरपिंपळ हे डोणगावच्या रस्त्यावरून आत वळलेलं गाव. एसटी दिवसातून दोनदा येते आणि तिच्या मनात नसलं तर येत नाही. पुष्पाबाई इथल्या कापूस वेचणाऱ्या बायांची म्होरकी. पन्नाशी ओलांडलेली, काटक, काळीसावळी, आणि आवाज असा की वावराच्या धुऱ्यावरून हाक मारली तर दुसऱ्या शिवारातला बैल मान वर करून पाहतो. बोंडअळीनं कंटाळून बरेच शेतकरी सोयाबीनकडे वळले, वेचणाऱ्या बायाही पांगल्या. उरलेल्या कापसाला हात मिळेनात. त्यामुळे जिच्यामागे वीस-बावीस बाया आहेत, तिचा शब्द खाली पडत नाही.

आणि तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती. आमच्या वऱ्हाडात पहिली वेचणी कुणी अशीच सुरू करत नाही. आधी सीतादई. वावरात पाच गोटे मांडायचे, त्यांना चुना आणि कुंकू लावायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, थोडा दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायचा आणि पहिल्या बोंडाचा कापूस वाहायचा. मगच बायांनी कमरेला कापूस वेचून टाकायच्या ओट्या बांधायच्या. बोरपिंपळाच्या बाजूला तर असं, की सीतादई न झालेल्या वावरात कोणतीच टोळी बोंडाला हात लावत नाही, आणि ती कुणाच्याही हातची चालत नाही. ज्या घराची जी बाई ठरली, तीच. गावातले सगळ्यात मोठे कापूसवाले अर्जुनराव. त्यांच्या वावरातला मान पुष्पाबाईचा. अर्जुनरावांच्या आईनं शेवटच्या दुखण्यात लेकाला जवळ बोलावून बजावलं होतं, "माह्या माघारी सीतादई पुष्पाच्याच हातची." हा मान पुढे लेकालाच कसा अडवेल, हे म्हातारीला आधी कळलं असतं, तर तिनं लेकाची परवानगी घेतली असती.

पुष्पाबाईला एकच बहीण. पाठची. नाव कौसल्या, पण सगळे कौशी म्हणत. दोघी एकाच तासाला, पऱ्हाटीच्या एकाच ओळीला, लागून वेचायच्या, एक बोलायची आणि दुसरी हसायची. गुलाबी बोंडअळीनं जिल्हाभरचा कापूस खाल्ला, त्या साली कौशी गेली.

बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा लोकांना वाटलं, आता अळीचं नाव नको. काही वर्षं खरंही झालं. आणि मग ते साल उगवलं. बोंडं बाहेरून हिरवीगार, भरलेली, डोळ्यांना सुख वाटावं अशी. फोडून पाहिलं तर आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी अळी आरामात बसलेली. लोकांनी फवाऱ्यावर फवारे मारले. औषध बोंडाच्या बाहेर, अळी बोंडाच्या आत. माणसं चक्कर येऊन पडली, अळीला शिंकसुद्धा आली नाही. कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली.

कौशीचं तसंच झालं. आधी अंगावरून पांढरं जायचं, मग मध्येच, कधीही, लाल जाऊ लागलं. "बाईच्या जातीले हे असतेच," म्हणून ती ओटी बांधून वेचत राहिली. पुष्पाबाईनं दोनदा दटावलं, पण कौशी हसण्यावारी न्यायची, आणि तिच्या हसण्यापुढे पुष्पाबाईचं कधी चाललं नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि तो केव्हाच पसरला आहे. तेराव्याला आलेला एक म्हातारा विडी विझवत म्हणाला, "आता बोलून काय फायदा? बैल गेला अन् झोपा केला."

ही म्हण पुष्पाबाईनं हजारदा ऐकली होती, दुसऱ्यांना ऐकवलीही होती. त्या दिवशी ती काळजात रुतली. झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, बैल आत असतानाच लावावं, हे काय तिला कळत नव्हतं? पण या दुखण्याला दार असतं आणि ते लावता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला फार राग आला. कुणाचा, ते कळेना, म्हणून तिनं त्या म्हाताऱ्यालाच झापलं.

कौशीची पोरगी अर्पिता तेव्हा दुसरीत होती. बाप नांदुऱ्याच्या जिनिंगवर कामाला, त्यानं वर्षभरात दुसरं लग्न केलं. "पोरगी तुमच्याजवळ राहू द्या, तुमी म्हनान तसं," असं म्हणून तो मोकळा झाला. पुष्पाबाईचे दोन्ही मुलगे पुण्याकडे कंपनीत. घरात ती आणि नवरा शेषराव, ज्याचा आवाज बायकोचं बोलून झाल्यावर वेळ उरला तरच निघायचा. त्या घरात अर्पिता आली आणि मावशीची लेक झाली. हसणं मात्र आईचंच आणलं होतं तिनं.

काही वर्षांनी, श्रावणातल्या निंदणाच्या दिवसांत, गावातून एक ऑटो भोंगा वाजवत गेला. गर्भाशयाच्या कॅन्सरची लस, मोफत, रविवारी, डोणगावच्या मंगल कार्यालयात. पुष्पाबाईच्या हातातलं खुरपं थांबलं.

"आता आली काय मेली! माह्या कौशीच्या टायमाले कुठी होती?" असं ती लसीवरच खेकसली. मग वळून बायांना म्हणाली, "आइकलं न व? रयवारी समद्या चालायचं. एकही घरी राह्यली तं पाय मोडीन."

रविवारी काळीपिवळी जीप भरून बाया निघाल्या. न्हाऊन-माखून, ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात फुलं माळून. टोळीतली शाहजादी, जिचा नवरा गाद्या भरतो, ती नवा बुरखा घालून आली. सत्तरी गाठलेल्या अन्नपूर्णाबाईही मधल्या सीटवर रेटून बसल्या. निंदण अर्धं राहिलं होतं, म्हणून पोरींना वावरात सोडलं. अर्पिता, शाहजादीची धाकटी सफा, सगळ्या. जाताना पुष्पाबाईनं बजावलंही, "आमी येऊतोवर चार तास निंदून ठेवजा."

मंगल कार्यालयातल्या डॉक्टरीणबाई संभाजीनगरच्या एका संस्थेकडून आल्या होत्या. त्यांनी एवढ्या बायांकडे पाहिलं, त्यांच्या मागे पाहिलं, मग दाराबाहेरही डोकावून पाहिलं.

"आणि मुली कुठं आहेत?"

"कोनत्या पोरी?"

"लस मुलींसाठी आहे, मावशी. नऊ ते चौदा वर्षांच्या."

पुष्पाबाईला वाटलं, ही बाई आपली थट्टा करते आहे. "पोट्ट्याईले काय कराची? त्याईले अजून पदर आला नाई. दुखनं आमाले होते, अन् सुई त्याईले? बिमार म्हैस अन् औषध पारडीले?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, त्या म्हणाल्या. तो विषाणू बहुतेक करून नवराबायकोच्या संबंधातून येतो, कुणाच्या वाईट चालीमुळे नाही, साध्या संसारातून. तो आत शिरून वर्षानुवर्षं गप्प बसतो. लस त्याला दारातच अडवते, पण आत शिरलेल्याला बाहेर काढू शकत नाही. म्हणून ती आधी द्यायची. नऊ ते चौदाच्या वयात शरीर लसीला चांगलं धरतं, सहा महिन्यांच्या अंतरानं दोन सुया पुरतात. पंधरा पूर्ण झाली की तीन लागतात. सव्वीस वर्षांपर्यंत घेता येते, पण जितका उशीर तितका तिचा उपयोग कमी होत जातो.

पुष्पाबाईनं बोंड फोडून पाहावं तशी बोटं केली. मग म्हणाली, "म्हंजे अळी बोंडात शिराच्या आधी?"

"मला शेतीतलं फारसं कळत नाही मावशी. पण हो, तसंच."

पुष्पाबाईनं कपाळावर हात मारला. "अव माय! कळ्या वावरात ठेवून आली अन् सुकली बोंडं गाडीत भरून आनली!"

सगळं कार्यालय हसलं. अन्नपूर्णाबाईंना आपण सुकलं बोंड आहोत हे कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर त्या रुसल्या. पुष्पाबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर वावरात वाकून निंदणारी अर्पिता आली.

परत जाऊन पोरी आणाव्यात तर डोणगावच्या शाळांतल्या मुलींना देऊन लस संपत आली होती. "पुढच्या वर्षी नक्की येऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण लक्षात ठेवा, आमच्या शिबिरात चौदापर्यंतच." आलाच आहात तर म्हणून त्यांनी बायांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी मात्र करून घेतली, ती तिशीनंतर सगळ्यांनीच करायची असते. शाहजादीच्या तपासणीत काही तरी सुरुवातीचं दिसलं. बुलढाण्याला जाऊन छोटा उपचार झाला आणि पुढच्या वेचणीला ती ओटी बांधून हजर होती.

त्या वर्षभर पुष्पाबाईनं गावाचं डोकं खाल्लं. फुलावर आलेल्या पऱ्हाटीत पाकळ्या चिकटलेली डोमकळी दिसली, म्हणजे आत अळी आली, की ती तोडायची, पोरींच्या आयांपुढे नाचवायची आणि म्हणायची, "हे दिसलं तवा अळी आत गेली. आता फवारा कायले मारता?" विहिरीवर, चक्कीवर, बारशाला, कुठंही. शेषराव म्हणायचा, आमच्या घरी आता देवापुढेही लसच आहे.

सगळ्यांना पटलं असं नाही. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "लग्नाच्या पोरीले असली सुई टोचली तं लोक काय म्हनतीन? पोरीनं काय केलं म्हनून टोचली, असं म्हनतीन."

"पोलिओचा डोस नातवाले पाजला तवा तो काय लंगडा होता?"

अन्नपूर्णाबाईंनी तंबाखू मळायला घेतली.

"अन् मूल होत नाई म्हनतात," दुसरी एक कुजबुजली.

"मी इचारलं डॉक्टरीणबाईले. तसं काई नाई. मूल होत नाई ते पिशवी काढल्यावर, अन् पिशवी काढा लागते ते हे दुखनं झाल्यावर. उलटं घोडं कायले हाकता?"

शाहजादीनं मात्र वाट पाहिली नाही. तिची थोरली नाजिश विशीची, निकाह ठरलेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिलाही घेता येईल, तीन सुया, लग्नाआधी झाल्या तर उत्तम. शाहजादीच्या भावानं लसीच्या खर्चाचा भार उचलला. बुलढाण्याच्या दवाखान्यात सुया सुरू झाल्या आणि शाहजादीनं व्याह्यांना निरोप धाडला, पोरीच्या सुया पुऱ्या होऊ द्या, मग तारीख काढू. लोक म्हणाले, आता सोयरीक मोडते. नवरा मुलगा शकील मेहकरला मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं फोनवर एवढंच विचारलं, "मैं साथ में आऊँ क्या?" त्या दिवसापासून तो पुष्पाबाईचा लाडका जावई झाला, जरी नातं काहीच नव्हतं.

पण शाहजादीला भाऊ होता. पुष्पाबाईला तशी सोय नव्हती. अर्पिता दिवाळीची, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्मलेली. येत्या दिवाळीला तिला पंधरा पूर्ण होणार होती. शिबिर त्याआधी आलं तर ती बसते, नाहीतर नाही. पुष्पाबाई भोंग्याच्या ऑटोची वाट पाहत बसली. श्रावण गेला, पोळा गेला, महालक्ष्म्या उठल्या. दसरा झाला आणि ऑटो आला. गुरुवारी, डोणगावला, सकाळी दहा ते दोन.

आणि त्याच आठवड्यात अर्जुनरावांचं वावर फुटलं. किती तरी वर्षांनी असा कापूस आला होता. अळी वेळेत आवरली होती, बोंडं टपोरी, वावर असं पांढरं की उन्हात डोळे दिपावेत. पण आभाळात ढग गोळा होत होते आणि मोबाईलवर सांगत होते, शुक्रवारी पाऊस. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की त्याची डागाळलेली कवडी होते, मग व्यापारी नाक मुरडतो. बुधवारी संध्याकाळी अर्जुनराव पुष्पाबाईच्या अंगणात येऊन उभे राहिले. चहाचं विचारलं नाही, यावरूनच काम तातडीचं आहे हे कळलं.

"पुष्पाबाई, उद्या सक्काळी सीतादई. समद्या बाया आन."

"उद्या नाई जमत, भाऊ. उद्या पोरीईले सुई."

"सुई काय पळून जाते? कापूस जाते माहा!"

"यंदा सुईच पळून जाते. आमची अर्पिता दिवाळीले पंधराची होते. मंग ते घेत नाईत."

अर्जुनरावांनी तोडगा काढला. "मंग तू असं कर. पहाटं सीतादई कर, अन् जाय पोरगी घेऊन. बाकीच्या बाया वेचतीन."

अंगणात बसलेल्या बाकीच्या बायांनी कान टवकारले. पुष्पाबाईनं ते पाहिलं. तिला आपल्या बाया माहीत होत्या. एकदा सीतादई झाली, ओटी बांधली आणि समोर असा कापूस दिसला, की कोणती माय तो सोडून पोरगी घेऊन डोणगावला येईल? वेचणीची मजुरी किलोवर असते. प्रत्येकीला वाटेल, माझी पोरगी पुढच्या वर्षी जाईल. आणि आई किंवा सांभाळणारी बाई सोबत असल्याशिवाय तिथं सुई टोचत नव्हते.

"नाई भाऊ," ती म्हणाली. "सुई आधी. सीतादई मंग."

"मी मेहकरची टोळी आनतो."

"आना ना. सीतादई न झालेल्या वावरात ते बोंडाले हात लावतात काय, इचारून आना."

अर्जुनरावांचा चेहरा तांबडा झाला. आईची आठवण झाली असावी, आणि ती फार प्रेमाची नसावी. ते वळले आणि फाटक आपटून गेले.

बाया पांगल्या, पण कुजबुज राहिली. शेषराव बाजेवरून म्हणाला, "अव, पाऊस आला तं समदं गाव आपल्या नावानं बोटं मोडीन. मोठ्या वावराची वेचणी गेली म्हनतीन." पुष्पाबाई भाकरी थापत राहिली. भीती तिलाही वाटत होती. त्या वावरावर वीस घरांची दिवाळी होती, तिचीही होती. पण चुलीजवळ अर्पिता गणित सोडवत बसली होती आणि चुकलं की आईसारखी एकटीच हसत होती. पुष्पाबाईनं ठरवलं, बोटं मोडली तर मोडली.

गुरुवारी सकाळी सगळ्या आया आणि पोरी फाट्यावर आल्या. पोरी शाळेच्या गणवेशात, केसांना रिबिनी लावून. कोणी घरी राहिली नव्हती. कुजबुजणारीही लेकीला घेऊन आली होती, कारण घरी राहून पुष्पाबाईचं वर्षभर ऐकण्यापेक्षा डोणगाव जवळ होतं. अन्नपूर्णाबाई कुणालाच न घेता नुसत्या पाहायला आल्या होत्या.

एसटी आली नाही. काळीपिवळ्या डोणगावच्या बाजाराची माणसं भरून केव्हाच गेल्या होत्या. ढग खाली उतरले होते. पुष्पाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून एसटी महामंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, तेवढ्यात मागून ट्रॅक्टर धडधडत आला. वर अर्जुनराव. मागे रिकामी ट्रॉली, तिच्यात सतरंजी अंथरलेली.

"बसा," ते समोर पाहत म्हणाले. "लौकर नेतो, लौकर आनतो. म्हंजे दुपारी तरी सीतादई होईन. उपकार नाई करून राह्यलो मी कोनावर. माहा कापूस वाचवून राह्यलो."

"कोन म्हनते उपकार?" पुष्पाबाई म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी चढली.

डॉक्टरीणबाईंनी तिला दारातच ओळखलं. "या वेळी कळ्या आणल्यात!" पुष्पाबाईनं आनंदानं एकेका पोरीला पुढे ढकललं. पोरी रांगेला लागल्या. सफा सुईच्या आधी रडली आणि सुईनंतर रडायचं विसरली. अर्पिताचं नाव पुकारलं तेव्हा पुष्पाबाई तिच्याबरोबर आत गेली. नर्सनं जन्मतारीख पाहिली आणि म्हणाली, "दिवाळीत पंधरा होतेस की गं! बरं झालं आलीस." सुई टोचली, दंडावर कापसाचा बोळा दाबला. अर्पिता म्हणाली, "मावशी, हा कापूस आपला असंन काय गं?" आणि हसली. पुष्पाबाईला रडू आलं. साऱ्या कार्यालयासमोर, पदरही न लावता, ती रडली. बायांनी हे कधी पाहिलं नव्हतं.

अर्जुनराव दाराशी घड्याळ पाहत फेऱ्या मारत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच धरलं. "काका, तुमच्या घरी कुणी मुलगी आहे का या वयाची?"

"नात हाय बाराची. पन ती मेहकरले इंग्रजी शाळेत शिकते. तिले काय गरज?"

"विषाणू शाळेचं माध्यम विचारत नाही, काका."

अर्जुनराव उभे राहिले. वावर, ढग, घड्याळ, सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग ते बाहेर गेले आणि दिसेनासे झाले. पोरी आटोपल्या, सुईनंतर अर्धा तास बसवतात तेही बसून झालं, दोन वाजत आले. ट्रॅक्टर दाराशी उभा आणि किल्ली अर्जुनरावांच्या खिशात.

"घ्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मालक पळाला, आता पायी चाला."

डॉक्टरीणबाई पेट्या आवरायला लागल्या होत्या, तेव्हा फाटकातून एक मोटार धूळ उडवत आत शिरली. अर्जुनरावांचा मुलगा चालवत होता, मागे सून, आणि पुढे अर्जुनरावांच्या शेजारी गळ्यात टाय घातलेली त्यांची नात, शाळेतून उचलून आणलेली, काही न कळून सगळीकडे पाहणारी.

"थांबा, थांबा, एक राह्यली!" अर्जुनराव धापा टाकत ओरडले. बोरपिंपळाच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या त्यांनाही सांगता आलं नसतं.

परत यायला दिवस कलला. वेचणी आता शक्यच नव्हती. पाऊस पडलाच तर सगळा कापूस बोंडावरच भिजणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पुष्पाबाईनं अर्जुनरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाऊस येवो का न येवो, सीतादई आजच होऊ दे. बाई म्हनायची, देवीले ताटकळत ठेवू नाई." 'बाई' म्हणजे त्यांची आई.

पाच गोटे मांडले. चुना, कुंकू, दहीभात. पुष्पाबाईनं पऱ्हाटीवर दहीभात शिंपडला आणि पहिल्या बोंडापाशी आली. मग तिनं मागे पाहून अर्पिताला बोलावलं. "तू तोड."

"असं चालते काय व?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"सीतादई माह्या हातची हाय न? मंग मी म्हनीन ते चालते."

अर्पिताचा डावा दंड दुखत होता, म्हणून तिनं उजव्या हातानं बोंडातला कापूस अलगद काढला आणि गोट्यांपुढे ठेवला. तिच्या मागे बाकीच्या पोरी, दंड चोळत, आणि सगळ्यात मागे टाय घातलेली नात.

शुक्रवारचा पाऊस आला तो देऊळगाव राजाच्या बाजूला बरसून रिकामा झाला. आमच्याकडे चार थेंब पडले आणि दुपारी ऊन आलं. पडला असता तर? पुष्पाबाईला हे मी विचारलं. ती म्हणाली, "पडला असता तं शिव्या खाल्ल्या असत्या. कापूस पुढच्या साली परत येते." मग ओटी भरभरून वेचणी झाली आणि त्या साली बोरपिंपळात दिवाळी दणक्यात झाली. लक्ष्मीपूजनाला अर्पिताला पंधरा पूर्ण झाली. नाजिशचा निकाहही त्याच हिवाळ्यात लागला, तिन्ही सुया केव्हाच झाल्या होत्या. पुष्पाबाई शकीलच्या बाजूनं जेवायला बसली.

आता बोरपिंपळात रीतच पडली आहे. ज्या पोरीला नऊ पूर्ण झाली, तिची सुई सीतादईच्या आधी. डोणगावच्या बाजारात अर्जुनराव कुणालाही धरून सांगतात, "आमच्या वावरात पह्यले सुई, मंग सीतादई. माह्या बाईपासूनची रीत हाय." म्हातारीनं हे ऐकलं असतं तर गालातल्या गालात हसली असती. अन्नपूर्णाबाईंनी पणतीला नेलं, आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं त्या शपथेवर सांगतात.

त्या दिवाळीनंतरच्या चैत्रात अर्पिताची दुसरी सुई झाली. पहिली चौदात झाली होती, म्हणून दोनच पुरल्या. "झालं, पूर्ण झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तिशीनंतर तपासणी मात्र चुकवायची नाही." घरी आल्यावर अर्पिता हातपाय धुवायला मागं गेली आणि तिथं शेषरावाशी कशावरून तरी खिदळू लागली. पुष्पाबाईनं कोठीवरचा कौशीचा फोटो उतरवला, पदरानं पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"आइकतं काय, कौशे? यावेळी बैल घरातच हाय. अन् झोपा लावला म्या."